चुकीच्या हातातला ग्लोव्ह

अहो,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा लिहायला बसलेय, कारण आनंद पोटात मावत नाहीये! रांधा गावची आपली खुशी निवडली गेली हो! आपल्या प्रदेशाच्या मुलींच्या बेसबॉल संघात! आणि दुसरं म्हणजे, मी तुमचं गुपित फोडलं. आधी सगळं ऐकून घ्या, मग काय रागवायचं ते रागवा.

सकाळी अथालच्या मैदानावर निवड होती. तुम्ही शिकवलेली पोरं कशी खेळतात ते तुम्हाला मी काय सांगणार! चेंडू अडवला की ग्लोव्ह काखेत दाबायचा, हात बाहेर ओढायचा, चेंडू काढायचा आणि मग फेकायचा. खुशीनंही तेच केलं. नवे कोच बाहेरगावचे. ते ओरडलेच, "ये क्या नौटंकी है? इतने में तो रनर घर पहुँच जायेगा!"

खुशी ठसक्यात म्हणाली, "सर, ही आमच्या काकांची स्टाइल आहे."

कोचनी तिच्या नावावर काट मारायला पेन उघडलं. स्टाइल कसली, डोंबलाची!

तुम्ही डावखुरे. डाव्या हातानं फेकणाऱ्याला ग्लोव्ह उजव्या हातात लागतो, आणि तसा एकही ग्लोव्ह तेव्हा अख्ख्या सिल्वासात नव्हता. म्हणून तुम्ही डाव्याच हातात ग्लोव्ह घालून ती काखेची कसरत शोधलीत आणि तिच्यात इतके तरबेज झालात, की गलोंड्याला कंपनीतली माणसं शिफ्ट सुटल्यावर घरी न जाता तुमचा खेळ बघत थांबायची. इथून बाहेर खेळायला गेलेले पहिले बेसबॉलवाले तुम्ही! माझी मान कशी ताठ असायची तेव्हा!

पण भारताच्या संघाच्या शिबिरातून चौथ्याच दिवशी परत आलात. सगळ्यांना सांगितलंत, गुडघा दुखावला. गुडघा म्हणे! खरं फक्त मला सांगितलंत. तिथं सगळे त्या कसरतीला हसले, आणि उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह मागायची तुम्हाला लाज वाटली. अहो, तोंड उघडलं असतं तर काय बिघडलं असतं? पुढे पोरं तुमची नक्कल करायला लागली, तेव्हा तरी सांगायचंत! तुम्ही नुसते गालात हसलात. मीही गप्प बसले, ते माझंही चुकलंच.

आज नाही बसले. पदर खोचला आणि सरळ मैदानात. "थांबा साहेब, एक चेंडू अजून द्या तिला!" मग खुशीला म्हटलं, "बाई गं, काकांना त्यांच्या हाताचा ग्लोव्ह मिळाला नाही, म्हणून ते तसं करायचे. तू उजवी आहेस, तुझा फेकायचा हात मोकळाच आहे. सरळ फेक."

पोरीचे डोळे भरले. "काकी, म्हणजे काकांनी आम्हाला चुकीचं शिकवलं?"

म्हटलं, "हो गं, तेवढं चुकलं त्यांचं."

पुढचा चेंडू सरपटत आला. खुशीचा हात सवयीनं काखेकडे निघाला, मधेच थांबला, आणि तिनं असा फेकला, असा फेकला, की रनर बेसच्या चार पावलं अलीकडेच आउट! मी उड्या मारल्या हो, या वयात!

मग मी कोचना शिबिराचंही खरं सांगितलं, तेव्हा त्यांनी स्वतःच चुकीच्या हातात ग्लोव्ह कोंबून तुमची कसरत करून पाहिली. तीनदा चेंडू पायावर पाडून घेतला. "ऐसे खेलके कॅम्प तक गये थे?" असं म्हणाले आणि डोक्यावरची टोपी काढून उभे राहिले. मला रडूच फुटलं. तुम्ही तिथं हवे होतात.

रागावलात का? रागवा खुशाल. पोरांना आता कळलंय तुम्ही काय घेऊन खेळलात, आणि जाताना सगळी तुमच्याच गोष्टी मागत होती.

एक शब्द देते. उद्यापासून मैदानावर जे कुणी नवीन पोर येईल, त्याला मी सगळ्यात आधी विचारणार, "बाळा, तू फेकतोस कोणत्या हातानं?" एवढंच विचारायला हवं होतं हो तुम्हाला, कुणीतरी.

तुमचीच,
मंदा