रानजायफळाच्या साठ बिया

१२ एप्रिल, केदारखेडा

सुमेधा मॅडमचा फोन. पीएच.डी.च्या माझ्या गाइड — बोलतात गोड, पण सोडत नाहीत. "अळी कोणीही दाखवेल. पूर्ण वाढलेला किडा हवा. तीस तारखेपर्यंत मिळाला नाही तर तिसरं प्रकरण काढून टाक."

दोन वर्षं घाटमाथ्यावरच्या सदाहरित जंगलात चिखल तुडवला, जळवांना रक्त पाजलं, ते ह्याच प्रकरणासाठी! रानजायफळाच्या बिया आतून कोण खातं, एवढाच प्रश्न. आत अळ्या आहेत हे नक्की. बाहेर कोणी यायला तयार नाही.

शेवटच्या साठ बिया घरी आणल्यात. दरवेळसारखंच ओली वाळू, ओलं फडकं, अंधारी खोली — अगदी जंगलासारखं. डब्याला हात लावायचा नाही, आईला बजावलंय.

१५ एप्रिल

शून्य.

१९ एप्रिल

रडले. आईसमोरच. ती ज्वारी निवडत होती. "आत हायेत ना? मंग निघतेत की." मी फणकारले, हे काय तुझ्या ज्वारीतले सोंडे आहेत का?

२१ एप्रिल

जाफराबादहून झेरॉक्स घेऊन आले, तर पत्र्यावर भर उन्हात माझ्या बिया! किडक्या ज्वारीसारख्या पसरलेल्या. नशीब, निम्म्याच. "किडल्यावानी दिसल्या, म्हनून ऊन दिलं," आई एवढंच म्हणाली. मी काय काय बोलले ते लिहवत नाही. त्या तीस बिया परातीत टाकल्या, वर झाकण ठेवलं आणि न जेवता झोपले.

२२ एप्रिल

अकरा! झाकण काढलं तर परातीत अकरा सोंडकिडे, काळे, चकचकीत, ऐटीत फिरतायत. मी अशी किंचाळले की अण्णा गोठ्यातली धार टाकून धावत आले — "साप हाय का?"

तासभर भिंग लावून बसले. फोटो पाठवले. मॅडम दोनदा म्हणाल्या, "हा घाटातल्या किड्यांच्या यादीतच नाही, तृप्ती."

झाकलेल्या तीस बियांतून अजून एकही नाही. जंगलात मोठं झाड पडलं की तिथे जमिनीवर ऊन उतरतं. हे त्याचीच वाट बघत बसत असतील का? आणि मी दोन वर्षं त्यांना अंधारात कोंडलं!

मॅडमनी विचारलं, निम्म्या उन्हात, निम्म्या सावलीत, हे आधीच ठरवलं होतंस? हो म्हणाले. मग लाज वाटली.

आईची माफी मागितली. "असू दे. तुझं काम झालं ना."

३० एप्रिल

तिसरं प्रकरण मंजूर. आता तेच सगळ्यात मोठं. अण्णांनी भोकरदनहून पेढे आणून गल्लीभर वाटले. कशाचे, विचारलं की सांगतात, "किड्याचे."

१ मे

आईला आज विचारलं, निम्म्याच उन्हात का घातल्यास? भाकरी थापत राहिली.

"चुकून न्हाई घातल्या. ज्वारीतले सोंडे ऊन लागलं की भाईर येतेत. इचारलं असतं तर तू न्हाई म्हनली असती. नसते निघाले, तर निम्म्या राह्यल्याच होत्या. अन् बोल मला लागला असता, तुला न्हाई."