दुसऱ्या खणाची चिठ्ठी

३ फेब्रुवारी, सोमवार

कपाटाला कुलूप लावा म्हणून महिनाभर कंठशोष करतेय, कोणी ऐकेल तर शपथ. आज पुन्हा दोन रिळं कमी. कोणी नेली? कोणीच नाही. पाय फुटले असतील.

सुनेचा शिलाईचा कारखाना आमच्याच पुढच्या खोलीत. चार मशिनी, एक कटर मास्तर आणि चार खणांचं एकच कपाट. ज्याला वाटेल तो उघडतो, घेतो, ठेवतो. धर्मशाळा नुसती. शुक्रवारी नर्सिंगच्या शाळेला चाळीस पांढरे कोट द्यायचेत. वेळेत गेले तर वर्षभर तिथलं शिवण आपलं, नाहीतर दुसऱ्याचं. सून म्हणाली, "आई, रिळांचं सोडा, कोटांचं बघा." मी एक अक्षर बोलले नाही. दोन वाक्यं बोलले फक्त.

निश्चय : या आठवड्यात सुनेला टोमणा मारायचा नाही.

दुपारी ३

नात आतल्या खोलीत बसून ड्रायव्हर लिहिते. गाडीचा नव्हे, यंत्राचा; म्हणजे यंत्र चालवणारा प्रोग्रॅम. आज विचारलंच, दिवसभर करतेस काय. तिनं सांगितलं ते लिहून ठेवते, म्हणजे परत विचारून मान खाली घालायला नको.

दवाखान्यातल्या तपासणीच्या यंत्रात एक कार्ड असतं. ते फोटो काढून थेट कॉम्प्युटरच्या मेमरीत टाकतं, मधे कोणाला विचारत नाही. विचारत बसलं तर उशीर. पण मोकळं सोडलं तर भलत्याच कप्प्यात जाऊन दुसऱ्याचं पुसून टाकेल. म्हणून दारावर पहारेकरी. कार्डाला एका कप्प्याची चिठ्ठी द्यायची, काम झालं की फाडायची. प्रत्येक वेळी लगेच फाडली तर फोटो अडखळतो. चिठ्ठ्या साठवून एकदम फाडल्या तर काम पळतं, पण मधल्या वेळात जुनी चिठ्ठी चालूच राहते. नातीला लगेच फाडायच्यात, तिच्या साहेबांना वेग हवाय. शुक्रवारी मीटिंग.

एवढ्यासाठी कॉलेजात चार वर्षं घालवली. मी चौथी शिकलेली, मला एका बैठकीत समजलं. आणि आपल्या कपाटाचं औषधही सापडलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कुलूप आणलं. किल्ली माझ्या कमरेला, खुर्ची कपाटाशेजारी. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे चिठ्ठ्या कापल्या. खण नंबर, माझी सही. एक फेरी, एक चिठ्ठी, लगेच फाडली. सुरक्षा म्हणजे सुरक्षा.

सकाळी ११

रांग लागली. शिस्त दिसते खोलीला. कॉलरवाली (ती फक्त कॉलरी करते, पण तोरा अख्खा कोट शिवल्याचा) म्हणाली, "आजी, सुई हवी होती, पासपोर्ट नाही." दुर्लक्ष केलं.

संध्याकाळी ६

रीळ एकही गेलं नाही. कोटही तीनच झाले, रोज दहा होतात. सुनेनं ते तीन कोट दोनदा मोजले. तिच्या मोजण्याला आवाज असतो. मी फक्त एवढंच म्हटलं, की आमच्या वेळी हात चालायचे, हल्ली तोंडं चालतात. हा टोमणा धरता येणार नाही, हा इतिहास आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

वेगाचं मनावर घेतलं. नातीच्या साहेबांचंही काही अगदीच चुकत नाही. आजपासून चिठ्ठी दिवसभर चालेल, संध्याकाळी सहाला सगळ्या एकदम गोळा करून फाडायच्या. कोणाचं काम संपलं की मी वहीत काट मारणार. चिठ्ठी दाखवली की किल्ली मिळणार. उठायचं नाही, वाकून बघायचं नाही. गुडघ्यांनाही आराम.

दुपारी १

झकास चाललंय. रांग नाही. कटर मास्तर चक्क हसले. मास्तर हसतात हे मला बारा वर्षांत माहीत नव्हतं.

कॉलरवालीचा दुसरा खण भरला होता. तिच्या अठरा कॉलरी पहिल्या खणात हलवल्या, वहीत तिच्या नावावर काट मारली. मोकळा झालेला दुसरा खण मास्तरांना कातरणीसाठी दिला. जागा कशी वापरावी ते माझ्याकडून शिकावं.

संध्याकाळी ५

चिंध्यावाला आला. त्यालाही चिठ्ठी दिली, दुसरा खण. नियम सगळ्यांना सारखा. गोणी भरून गेला. खण लख्ख.

सहाला चिठ्ठ्या गोळा केल्या, फाडल्या. आज अकरा कोट झाले, कॉलरी तेवढ्या लावायच्या राहिल्या. सून म्हणाली, "बरं चाललंय, आई." तिच्या तोंडून हे म्हणजे सत्कारच. नातीला म्हटलं, तुझ्या साहेबांना सांग, अडलं तर मी येऊन समजावेन.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बावीस कॉलरी नाहीत.

सकाळी १०

तपास माझ्याकडे घेतला. कॉलरवाली म्हणते, काल दुपारी तीनला दुसऱ्या खणात ठेवल्या. मी वही दाखवली, तुझ्या नावावर दुपारी एक वाजताच काट आहे. ती म्हणाली, "काट तुमच्या वहीत, चिठ्ठी माझ्या हातात. चिठ्ठी दाखवली, तुम्ही किल्ली दिलीत." मी म्हटलं, मग खणात कातरण दिसली नाही? म्हणाली, "दिसली. वाटलं, कपाट तुमचं, अक्कल तुमची."

जीभ बघा.

वर मास्तरांनी त्या कॉलरींवर आणखी कातरण टाकली. आणि चिंध्यावाल्यानं सगळं नेलं. त्याचीही चिठ्ठी बरोबर. म्हणजे तिघंही नियमानं वागले, मीही वागले आणि कॉलरी गेल्या. याला नशीब म्हणतात. दुसरं काही म्हणू नये.

दुपारी २

त्या कॉलरींवर शाळेचं निळं चिन्ह भरलेलं होतं. भरतकामवाला बाहेरचा, सोमवारशिवाय देणार नाही. सून चिंध्यावाल्याच्या गोदामात जाऊन आली. तिथे डोंगर आहे म्हणाली. हात काळे करून आली, कॉलर एकही नाही. पाणीही न पिता मशिनीवर बसली. मी सरबत नेलं. "तिथेच ठेवा, आई," म्हणाली. कुठल्या खणात, असं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. निश्चय पाळण्याचा हा एकुलता एक प्रसंग, म्हणून नोंद.

दुपारी ४

नातीला सगळं सांगितलं. आधी हसली. मग खुर्ची ओढून जवळ बसली आणि म्हणाली, "आजी, पुन्हा सांग, सावकाश." कागदावर चार चौकोन काढून घेतले. माझा अनुभव लोकांच्या कामी येतो, तो हा असा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी अठरा कोट गेले. बावीस राहिले. शाळेच्या मेट्रनबाई म्हणाल्या, पुढच्या वर्षाचं सोमवारी फोन करून सांगते, आणि हे कसं झालं तेही त्याच वेळी ऐकते.

दुपारी नातीची मीटिंग झाली. साहेबांनी मान्य केलं, बाहेरून जोडलेल्या कार्डाची चिठ्ठी लगेच फाडायची. माझं नाव निघालं का, विचारलं. निघालं म्हणाली. खोदून विचारल्यावर कळलं, चिठ्ठी रद्द आणि दार उघडं अशा त्या मधल्या वेळेला त्यांच्या ऑफिसात आता 'आजी' म्हणतात. साहेब म्हणाले म्हणे, महिन्याच्या आत सगळ्या आज्या बंद झाल्या पाहिजेत.

संध्याकाळी सुनेनं कुलूप काढलं. पाच टोपल्या आणल्या, प्रत्येकीवर एकेकाचं नाव. ज्याची टोपली त्याची, दुसऱ्या कोणाला कधीच द्यायची नाही. ना चिठ्ठी, ना किल्ली, ना रांग. दोन मिनिटांचं काम. नात ओरडली, "आई, हेच! काही कप्पे कायमचे कार्डाच्या नावावर ठेवायचे, वेगही मिळतो!" आणि लॅपटॉपकडे पळाली. सून दहावी नापास आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मीही बोलले नाही.

माझी खुर्ची खिडकीशी नेली आहे. ऊन छान येतं म्हणे.

किल्ली सुनेनं मागितली नाही. हात पुढे केला, मी दिली. तेव्हा आता नीट लिहून ठेवते : सोमवारी मेट्रनबाईंचा फोन आला, की तो सुनेनं उचलायचा आणि उत्तरही तिनंच द्यायचं. मी घरात नाही म्हणून सांगायचं.