चार पांढरे जोड

१८ नोव्हेंबर
आरक्षणाची सोडत निघाली. सरपंचपद — महिला! हे अंगणातच मटकन बसले. प्रचारासाठी दसऱ्यापासून पांढऱ्या कपड्यांचे चार जोड शिवून ठेवलेत बिचाऱ्यांनी.

१९ नोव्हेंबर
शोक एका रात्रीत संपला. "वनमाला, नाव तुझं, बाकी समदं मी बघतो. तू निस्ती सही कर."
मी बी.ए. इंग्रजी. सही येते मला! बाकीचंही येतं. पण ते कुणी विचारत नाही. मला खरंच उभं राहायचंय. इथं लिहिलं, मोठ्यानं अजून नाही.

२ डिसेंबर
कोठीमागून कॉलेजची डिक्शनरी काढली. 'ए'ची पानं उंदरानं खाल्लीत, 'सी' शाबूत. 'कँडिडेट' शोधला. मूळ लॅटिन — पांढऱ्या कपड्यातला माणूस! रोमचे उमेदवार पांढऱ्या वस्त्राला खडू चोळून ते आणखी झगझगीत करायचे अन् मतं मागत फिरायचे. नेकनूरच्या बाजारात आजही तेच! फक्त खडूऐवजी नीळ आणि कडक इस्त्री.
'कँडिड' त्याच मुळाचा. मोकळ्या मनाचा, आत-बाहेर एक. दोघं एका घरातले, पण कधी एका पंगतीला बसलेले दिसले नाहीत. एकटीच हसत बसले.
जेवताना सांगितलं. हे लई खूश. "बघ, कपडे माझे पांढरे, मंग कँडिडेट मीच!"
सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पुरुषानं पांढरं घातलं की हार घालत्यात. बाईनं नेसलं की लोक तोंड फिरवत्यात."
मामंजी गेल्यापासून बारा वर्षं त्या फिकंच लुगडं नेसतात. ह्यांच्या कपड्यांना नीळही त्याच देतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

५ डिसेंबर
उद्या अर्ज. हे भाषण पाठ करतायत. माझ्या अर्जाचं!

६ डिसेंबर
सकाळी बोंब! चारही जोड गुलाबी! "कशाचा तरी रंग गेला आसंल," सासूबाई. हे बनियनवर येरझारा. चौकड्याचा शर्ट दिला तर अंगावर आले, "पुढारी हाय मी! गाव हसंल!"
"मंग तिला जाऊ दे की. अर्ज तिचाच हाय," सासूबाई म्हणाल्या.
गेले. एकटी, बसनं, बीडला. निवडणूक अधिकाऱ्यांनी विचारलं, "उमेदवार कोण?" सवयीनं मागं वळून पाहिलं. कुणीच नाही. "मी!" केवढ्यानं ओरडले! सगळी उत्तरं मीच दिली. काय गोड वाटलं म्हणून सांगू!
परतताना फाट्यावर गावातल्या धुळाजीमामांनी विचारलं, "तुमचे साहेब कुठं हायत?" म्हटलं, वाळत घातलेत.

७ डिसेंबर
मोरी घासताना बादलीमागं सासूबाईंचा कुंकवाचा करंडा सापडला. बारा वर्षं पेटीत जपला होता, भरलेला.
रिकामा.