म्यूटसमोरची बरोबरची खूण

धुळे, मंगळवार, १९ जानेवारी १९९९

डोकं अजून तापलंय. सोनगीरच्या महिला मेळाव्याचं बोलावणं देणारी कॅसेट करायची होती. नानांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर एका प्रोग्राममध्ये डफ वाजत होता, दुसऱ्यात डफासकट माझा आवाज भरायचा. दर वेळी डफ यायचा, मी गायब.

"उद्या मेळावा शे, बठ्ठ्या बाया या!" सगळ्या बायांना ओरडून ओरडून बोलावताना घसा बसला.

नाना हसले. "ताई, कॉम्प्युटर अहिराणी घेत नाही. शुद्ध बोला."

शुद्ध? माइकला काय कळतं त्यातलं? तरी शुद्ध बोलून दाखवलं. तेही आलं नाही.

मग कोपऱ्यातल्या भोंग्याच्या चित्रावर क्लिक केलं. माइकखाली बरोबरची खूण. म्हणजे चालू, असंच आम्ही दोघं धरून बसलेलो! नीट वाचलं, तर खूण 'म्यूट'समोर. बरोबरची खूण म्हणजे तोंड बंद. शाळेत तरी दुसरं काय होतं? 'आहे' लिहिलं की बरोबर, 'शे' लिहिलं की फुली.

खूण काढली. पुन्हा भरलं, लावून ऐकलं. डफासोबत मीही आले.

"उना, उना! आवाज उना!" नाना चक्क अहिराणीत ओरडले. मग सावरून म्हणाले, "आता एकदा शुद्धात घेऊ."

नाही घेतलं. मेळावा शे. शे म्हणजे शे!