नत्थुजींचा उलटा हात

अमरावती,
मंगळवार

शालिकरामभाऊंस गयासुद्दीन पेंटरचा सलाम आणि रामराम, दोन्ही. पार्बताबाईंना नमस्कार. आमच्याकडे सगळे खुशाल, फक्त माझा रक्तदाब तेवढा खुशाल नाही. तुमचा गुडघा कसा आहे? हिवरखेडला यंदा वांगी बरी आली असं कानावर आलं. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणून ठेवून देता. पत्र निदान शेवटपर्यंत हातात राहतं. सहजच लिहितोय, काम काहीही नाही. (चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्याने अक्षर चांगलं आहे, मजकूर तुम्ही सांभाळून घ्या.)

तर आमची लेक तुबा. तिने चित्रकलेत कॉम्प्युटर घालायचं शिक्षण घेतलं हे तुम्हाला माहीत आहे. एका संस्थेने तिला पहिलंच काम दिलं आणि तेही नेमकं तुम्ही जिथून निवृत्त झालात त्या अकोल्याच्या फायर स्टेशनात. आगी, अपघात, विहिरीत पडलेली माणसं हे सगळं पाहून परत आलेल्या जवानांच्या मनाला जरा विसावा मिळावा, म्हणून तिने विश्रांतीच्या खोलीत भिंतीएवढा दुधी रंगाचा फलक बसवला. त्यावर हात ठेवला की आतून उजेड उमटतो, आपल्या श्वासाबरोबर पसरतो, आवरतो. हात काढला तरी त्या जागी रंगाची फिकट छटा दिवसभर राहते. म्हणजे पुढच्याला कळतं, आपल्याआधी इथे कुणीतरी उभं होतं. नाव नाही, गाव नाही. बोलणं भाग नाही. मला हे पहिल्या दिवशी पोरखेळ वाटलं होतं, आता वाटत नाही. महिनाभराची चाचणी आहे आणि येत्या सोमवारी निकाल. नापास झाला तर फलक उतरणार आणि पोरीचं कामही जाणार. तिच्या जेवणात मीठ कमी झालं तरी मला वाटतं, निकाल लागला.

सुरुवातच अशी झाली की विचारू नका. तुबाने आधी उजेड नारिंगी ठेवला होता. उबदार वाटतो म्हणाली. ड्रायव्हर गोवर्धन ड्युटीवर आला, त्याला बंद दाराच्या फटीतून नारिंगी हलताना दिसलं. पुढे काय झालं ते तुम्हाला मी सांगावं? त्याने लाथेने दार उघडलं आणि आग विझवायचा अख्खा सिलिंडर आत रिकामा केला. फलकाला काही झालं नाही. त्याच्यासमोर मी उभा होतो, नवा शर्ट घालून. (आमची बेगम जहाँआरा अजून तो शर्ट धुतेच आहे. ती पावडर धुतली की आणखी पांढरी होते.) दुसऱ्याच दिवशी उजेड निळा-हिरवा केला.

मग खरी काळजी सुरू झाली. त्या फलकात मोजणीची सोय आहे, दिवसात किती हात लागले ते तुबाच्या मोबाइलवर येतं. पहिला दिवस शून्य. दुसरा दिवस शून्य. अकरा दिवस शून्य, भाऊ! तुबाने तारा तपासल्या, तिथेच उभं राहून स्वतःचा हात ठेवला (तो मोजणीत धरत नाही) की फलक मुकाट्याने उजळायचा. म्हणजे यंत्र ठीक, माणसंच येत नाहीत. मी नमाजाआधी वजू करताना आकडा, चहा पिताना आकडा, बसमधून मूर्तिजापूरला उतरून तिला फोन करून आकडा. शेवटी तिने मला आकडा सांगणं बंद केलं. मग काय करणार, "विश्रांती कक्ष" अशी पाटी रंगवून देतो असं सांगून मी स्वतःच स्टेशनात शिडी लावून बसलो. पाच अक्षरांच्या पाटीला तीन दिवस लावले. एवढा वेळ मला लग्नाच्या मंडपाची कमान रंगवायलाही कधी लागला नव्हता.

आणि शिडीवरून काय पाहिलं! आले ना सगळे! जुने जवान नत्थुजी आले, इकडेतिकडे पाहिलं, फलकाला उलटा हात लावला, जरा थांबले, गेले. रोहित आला, उलटा हात. गोवर्धन, उलटा हात. मला वाटलं, हे माझ्या पोरीच्या कामाला झिडकारून राहिले. डोकं तापलं. शिडीवरूनच विचारलं, हा काय प्रकार? नत्थुजी माझ्याकडे असे पाहत राहिले, जसा मीच बावळट.

"बंद दाराले तळवा कोन लावते भाऊ? मांगं आग असली तं तळवाच जाते. मंग पाइप कायनं धराव?" वर म्हणाले, "अन् करंट असला तं मूठ वळते, सुटत नाई."

पंचवीस वर्षांची सवय. दार असो, भिंत असो, घरचा फ्रिज असो, आधी उलटा हात. आणि तुबाचं यंत्र फक्त तळव्याला ओळखत होतं! हात लावून काही दिसलं नाही, म्हणून प्रत्येकाने मनात धरलं की बिघडलंय आणि पोरीला वाईट वाटू नये म्हणून कुणी बोललं नाही. (फलकावर सोनेरी पंजा काढून "येथे तळहात ठेवा" असं सुबक अक्षरात मी लिहिलं होतं. ते कुणीही वाचलं नव्हतं. चाळीस वर्षांचा माझा गर्व मी पत्र्याने खरवडून काढला.) तुबा त्या दिवशी आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, "अब्बा, मी यांना विचारलंच नाही." रातोरात नव्हे, दुपारभर बसून तिने यंत्राला उलटा हात शिकवला. दुसऱ्या दिवशी आकडा त्रेसष्ट!

इथे पत्र संपायला हवं होतं. पण काल संस्थेच्या गीतांजलीबाई चौकशीला आल्या. आकडे पाहून म्हणाल्या, मोजणी ठीक आहे, पण मला माणूस हवा, ज्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं की याचा मला उपयोग होतो. नत्थुजींना विचारलं. म्हणाले, "मले काय झालं? हे रोहितले पायजे. अपघाताहून आला का जेवत नाई थो." रोहित म्हणाला, आपल्याला काही नाही, गोवर्धनभाऊंना गरज आहे. गोवर्धन म्हणाला, नत्थुजींना. बाईंनी वहीत काय लिहिलं ते मी वाकून वाचलं. "गरज कोणालाच नाही."

असो. तुम्ही वांग्यांना पाणी वेळेवर देत चला.

आपला,
गयासुद्दीन

ता.क. काम काहीही नाही असं वर लिहिलं, ते खरं नाही. सोमवारी अकरा वाजता अकोल्याला याल का? ती सगळी तुमच्या हाताखाली तयार झालेली माणसं. गाडीतून उतरायचं ते तुमच्या मागे, बोलतील तेही तुमच्या मागेच. तुम्ही एवढंच म्हणा, "मले हे लागलं असतं." पार्बताबाईंनी जहाँआराला फोनवर तुमच्या रात्रींबद्दल जे सांगितलं ते मी ऐकलं आहे, म्हणून विचारतोय. त्यांच्यावर रागावू नका.

ता.क. २. बाईंनी मलाही विचारलं होतं. मी म्हणालो, मी साधा पेंटर, मला कशाला? बारा वर्षांपूर्वी दुकानात थिनर पेटला आणि तुम्ही मला शटरखालून ओढून काढलंत, तेव्हापासून मी थिनरचा डबा उघडलेला नाही. लोकांना सांगतो, वास सोसत नाही. परवा रविवारी सगळे कवायतीला गेले होते, तेव्हा मी त्या फलकापाशी उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. मोबाइलवर त्या वेळी एकच आकडा आला आणि तो कुणाचा हे तुबा अजून शोधते आहे. तुम्ही नाही आलात तर सोमवारी मीच उठून सांगणार आहे. पण भाऊ, मला फार भीती वाटते. काही बोलू नका हवं तर, नुसते शेजारी येऊन उभे राहा.