फुलांचा तागा

शामला,

आधी पुरी चिठ्ठी वाच, मंग बोंबल. मी ड्यूटीवर जाऊन राहिली.

आपण क्रोशानं विणलेले फुलांचे चौकोन काल तुह्या बाबांजवळ दिले होते, तुह्या लेकराच्या ब्लँकेटसाठी जोडून द्या म्हणून. माग विकल्यापासून त्यांचे हात रिकामे, तेवढंच बरं वाटन म्हटलं. तर त्यांनी सारे चौकोन एकापुढं एक जोडले. वीतभर रुंद अन् लुगड्याएवढी लांब पट्टी झाली वं! चूक माहीच. ओळी करून जोडा, हे सांगायचं राहिलं. ज्यानं जन्मभर मागावर लुगडी विणली, त्याले कापड लांबीतच वाढते एवढंच ठाऊक.

आता त्यांनी त्याचा तागा गुंडाळला, टोपी घातली अन् दारात जाऊन बसले. सूत देऊन माल नेणारा शेठ आज येते म्हणतात. शेठ वारून किती वर्षं झाली, हे मी सांगितलं नाही. तूही नको सांगू.

उसवू नको, निदान त्यांच्यासमोर नको. माह्यानं तर होतच नाही, थकली मी आता. लेकराले सध्या माही शाल गुंडाळ. वरण झाकून ठेवलं आहे, बाबाले भात मऊ कर.

त्यांच्या हातून तागा घे अन् शेठले माल पसंत पडला म्हण. पुढचं सूत कधी, हे विचारतीनच. कपाटात निळ्या लोकरीचा गोळा आहे. तो शेठनंच पाठवला म्हणून दे.

तुही वहिनी