वारा सुटला की धुणं

माझ्या खडूस दादा,

सारेमा बेटावर तू सुखरूप असशील असं धरून चालते. मी इथं तालिनला लेकीकडं ठणठणीत आहे. फक्त घाम काढायला धुराची सौना नाही आणि भांडायला तू नाहीस.

परवा संध्याकाळी सहाला मी राईचा पाव भाजायला भट्टी लावली, तर जावई तार्मो नुसत्या मोज्यांवर धावत आला. "सासूबाई, आत्ता नको! या तासाला विजेचा दर गगनाला भिडलाय."

मी म्हटलं, "मग पिठाला सांग बाबा, जरा दमानं फुग म्हणून."

पण त्यानं नीट समजावलं. दर चढला की घरोघरची माणसं भट्टी, धुणं मागं ढकलतात. तारांवरचा भार उतरतो आणि कुणाची वीज जात नाही. मला तुझं विजेवर चालणारं श्वासाचं यंत्र आठवलं. तेव्हापासून सहाला मी काही म्हणजे काही लावत नाही.

तुझ्याकडंही तो तासातासाचा दर लावणारा नवा मीटर बसलाय. दर बघून तू यंत्र बंद करत नाहीस ना? खरं सांग, चिक्कू. पाव थांबू शकतो, तू नाहीस.

लेकीच्या फोनवर दर दिसतो. धाडकन पडला की कळतं, आपल्या बेटावर वारा सुटला, पवनचक्क्या फिरायला लागल्या, वीज स्वस्त झाली. मग मी धुणं लावते आणि खिडकीशी बसते. वाटतं, तुझ्या अंगणातलं सफरचंदाचं झाड हलत असेल, तू टोपी धरून शिव्या देत असशील.

आज दर पडलाय. धुतलेलेच टॉवेल तिसऱ्यांदा लावलेत.

तुझी छळवादी,
हेल्यु